मंदिर परेड, मुरार

रविवारी सकाळी सातला पलटण देवळासमोर
तीन रांगांत उभी राहायची.
सुभेदार मेजर मोजायचे, मग मी मोजायचो,
"मग देव मोजतो," असं मी जवानांना सांगे.
हसायचे. हसणं हुकमात नव्हतं,
म्हणून मला ते आवडायचं.

मी नायब सुभेदार त्र्यंबक गर्दे, धर्मगुरू,
लष्करच्या जनकगंजातला.
वडील सायकलवरून घरोघरी सत्यनारायण सांगत.
मला पगार, रेशन, कँटीनचं कार्ड,
धोतरात असलो तरी सॅल्यूट.
त्यांनी जन्मात कुणाला पूजेला ओढून आणलं नाही.
माझ्याकडे न येणाऱ्याची पेशी होई.

डिसेंबरात धुक्यानं किल्ला पुसलेला असे.
प्रसादाला गजक.
भिंतीपलीकडे मौलवीसाहेबांची चटई, ग्रंथीजींचा रुमाला,
तिघेही एका छपराखाली
आणि एकाच जनरेटरवर.

तो तिसऱ्या रांगेत असायचा.
लान्सनायक शीलवंत रंगारी, आर्वीकडचा.
आरतीला सगळ्यांचे हात जुळत,
त्याचे पँटच्या शिवणीला चिकटलेले. सावधान.
मंत्र म्हणता म्हणता मी पाहिलं,
पुढच्या रविवारीही पाहिलं.
तक्रार कशाची करणार?
त्याचं सावधान माझ्या संस्कृतपेक्षा शुद्ध होतं.

अ‍ॅडज्युटंटकडे गेलो. साहेब, पोरगा बौद्ध आहे,
याला सूट मिळावी.
तरुण होते, चहा पाजला. म्हणाले,
"पंडितजी, धर्म ज्याचा त्याचा. परेड आपली."

मग मीच शक्कल काढली.
जोड्यांवर एक माणूस लागतोच.
रंगारीला बाहेर नेमलं:
ना घंटा, ना टिळा, हजेरी मात्र पूर्ण.
त्या रात्री फार समाधानानं झोपलो.
बायकोला सांगितलंसुद्धा.

सहा रविवार.
एकशे बारा जोड तो ओळीत लावी,
टाचा एका दोरीत,
जशी बुटांचीच पलटण फॉलिन झालेली.
सातव्या रविवारी टिळ्याचं तबक घेऊन बाहेर आलो
आणि कौतुकानं विचारलं,
"काय रंगारी, बरं आहे ना इथे?"

तो बुटांकडेच बघत म्हणाला,
"बरं हाये, पंडितजी.
माहा आजा बी अठीच उभा राहे."

आवाजात राग नव्हता.
राग असता तर मला उत्तर देता आलं असतं.

तबकातलं कुंकू दवानं ओलं झालं होतं.
आत गेलो. प्रवचनाचा विषय होता सर्वांभूती ईश्वर,
दहा मिनिटं, वेळापत्रकात लिहिलेली.
मी चार मिनिटांत संपवलं.
सुभेदार मेजरनी घड्याळ पाहिलं.

पुढच्या रविवारी त्याला विचारलं.
विचारलं, हे मुद्दाम लिहितो,
कारण एकोणीस वर्षांत मी तिथे कुणाला काही विचारलं नव्हतं.
"आत की बाहेर?"
"हुकूम काय?"
"हुकूम नाही."
तो बराच वेळ गप्प.
मागे मेसच्या चिमणीतून धूर निघत होता, तो बघत राहिला.
मग खाली वाकून नाड्या सोडल्या
आणि आत गेला. तिसरी रांग. हात शिवणीला.

आरती फिरत त्याच्यापर्यंत आली.
त्यानं हात पुढे केले नाहीत.
मीही घाई केली नाही.
कापूर आमच्या दोघांच्या मधे जळत राहिला,
त्याच्या पितळी बटणात दिसत होता, छोटासा.
संपत आला तेव्हा मी पुढच्याकडे वळलो.

रजिस्टरात दोनच रकाने, हजर आणि गैरहजर.
त्याच्यापुढे हजर लिहिलं.
माझ्या नावाशी पेन जरा अडलं.

त्या दिवशी जोड्यांवर कुणीच नव्हतं.
एकही हरवला नाही.